नावावरून भाषा ठरवू नका

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीतल्या घरांची नोंद आम्ही शाळेच्या वह्यांवर केली होती. कुणाचं काय वाहून गेलं, घरात माणसं किती, कागदपत्रं वाचली की भिजली, एवढंच त्यात लिहायचो. दोन वह्या भिजल्या, एक हरवली. म्हणून २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वर येऊ लागलं तेव्हा आम्ही चार मित्रांनी घाईघाईत एक छोटी वेबसाइट तयार केली. मी मिरजेचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण कोरोनामुळे घरूनच काम करत होतो. कोड बहुतेक माझा. त्यामुळे पुढे जी चूक सांगणार आहे, तीही माझीच.

पाणी उतरल्यावर एका शाळेतल्या निवारा केंद्रात एक खाला आमच्या टेबलाशी आल्या. सूर्यवंशी प्लॉटकडे राहणाऱ्या, वय साठीच्या पुढं, घरात एकट्या. केंद्रातल्या एका मुलानं त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर भरला. नाव भरताच पुढचं पान उर्दूत उघडलं. ही आमची ‘हुशारी’ होती. नावावरून माणूस मुसलमान वाटला की वेबसाइट उर्दू दाखवायची. खालांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. म्हणाल्या, “बेटा, मेरेकू मराठी आती. सातवी तक मराठी शाळेत शिकी मैं. ये नै आता.”

मुलालाही उर्दू येत नव्हतं. मोबाइलवर भाषा बदलायचं बटण तीन आडव्या रेघांच्या आत दडलेलं होतं, ते त्याला सापडलं नाही. मागे रांग होती. मराठीत भरलेल्या आधीच्या फॉर्मवरून त्याला खाने कुठं काय आहेत ते पाठ झालं होतं, त्या अंदाजानं त्यानं ते भरले. शेवटी एक ओळ तेवढी इंग्रजीत होती, कारण उर्दूच्या फाईलमध्ये त्या ओळीचा अनुवाद आम्ही टाकलाच नव्हता. ओळ अशी होती, की मला दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडून मदत मिळालेली नाही. मुलानं चौकटीत टिक केली. खालांना दोन दिवस आधी दुसरीकडून धान्याची पिशवी मिळाली होती. त्यांनी ती लपवली नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. भांड्यांचे संच देणाऱ्यांनी यादी पडताळली तेव्हा त्यांच्या नावापुढं ‘खोटी माहिती’ असा शेरा पडला. तो काढून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस त्या शेजारणीच्या पातेल्यात भात शिजवत होत्या.

आता हे घडतं कसं, ते सांगतो. वेबसाइट लिहिणारा माणूस ‘नाव’, ‘पत्ता’, ‘पुढे जा’ हे शब्द सहसा कोडमध्ये थेट लिहीत नाही. प्रत्येक ओळीला एक किल्ली देतो आणि किल्लीसमोर शब्द ठेवलेली वेगळी फाईल करतो. मराठीची एक, उर्दूची एक, इंग्रजीची एक. यांना रिसोर्स फाईल म्हणतात. पान उघडताना वेबसाइट आधी भाषा कोणती ते ठरवते, मग त्या भाषेची फाईल मागवते, मग किल्लीच्या जागी शब्द बसवते. फाईल आलीच नाही, किंवा आली पण तिच्यात एखादी किल्ली नसली, तर काय दाखवायचं हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. त्याला फॉलबॅक म्हणतात. साध्या मराठीत, ‘हे नसेल तर ते’.

यात तीन प्रश्न आहेत. भाषा कुणी ठरवायची, फाईल कधी पोहोचायची, आणि नसेल तर त्या जागी काय. आमच्या धंद्यात हे किरकोळ काम समजतात. नव्या पोराकडं देतात, शेवटच्या आठवड्यात करतात. माझं म्हणणं असं आहे, की वेबसाइट कुणाला माणूस समजते आणि कुणाला पाहुणा, हे याच तीन ठिकाणी ठरतं.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘नसेल तर इंग्रजी’ हे उत्तर आम्ही कुणालाही न विचारता लिहिलं होतं. सगळे तेच लिहितात. साधनंही त्याच वळणाची आहेत. जावा या भाषेत मागितलेली फाईल सापडली नाही, तर पायाच्या फाईलकडं जाण्याआधी सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेची फाईल शोधली जाते, आणि सर्व्हर तर बहुधा इंग्रजीतच बसवलेला असतो. त्याच जावात २०१७ मधल्या नवव्या आवृत्तीपर्यंत या फाईली युरोपीय लिपीच्या समजून वाचल्या जायच्या. ‘नाव’ लिहायचं तर न, काना आणि व यांचे तीन आकडी संकेत टाकावे लागत. अशा फाईलवर नजर टाकून शुद्धलेखन तपासणार कोण? म्हणून मराठी फाईली कुणी तपासत नसे, चुका तशाच राहत, आणि शेवटी लोक म्हणत, इंग्रजीच बरं.

फोनचंही तेच. ब्राउझर वेबसाइटला स्वतःची भाषा कळवतो, पण ती फोनची भाषा असते, माणसाची नव्हे. दुकानदारानं फोन चालू करून दिला तो इंग्रजीत, आणि पुढं कुणी बदलला नाही. खालांचा फोन असता तरी त्यानं ‘हिला इंग्रजी येतं’ असंच सांगितलं असतं.

सांगली जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी नाही. ज्याला उर्दू ओळ मिळाली नाही, त्याला मराठी द्या. जत तालुक्यात कन्नड शाळांत शिकलेली माणसं आहेत, त्यांना कन्नड ओळ मिळाली नाही तर त्यांनाही मराठीच द्या. बाजार, एसटी, दवाखाना, तलाठी, सगळीकडं मराठीशी ओळख झालेली असते. इंग्रजी सगळ्यात शेवटी. कोडमध्ये हा बदल एका ओळीचा आहे. ती ओळ लिहायला मला महापूर लागला, याची लाज वाटते.

आता पहिला प्रश्न, भाषा कुणी ठरवायची. इथं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ही चूक बाहेरच्या कुणी आमच्यावर लादलेली नव्हती. नावावरून उर्दू दाखवण्याची कल्पना आमच्याच बैठकीत निघाली आणि सगळ्यांना आवडली. आपल्या लोकांना आपल्या भाषेत मिळेल, असं वाटलं. आम्ही आडनावांची यादी केली. शेख, पठाण, मुल्ला, मुजावर, बागवान, तांबोळी, इनामदार. पहिल्याच दिवशी गावभागातल्या एका इनामदारकाकांचा फोन आला, की ‘अहो, हे उलटीकडून का लिहिलंय?’ काका ब्राह्मण निघाले. आमच्याकडं इनामदार दोन्ही धर्मांत आहेत, जमादार आहेत, देसाई आहेत, पाटीलही आहेत. आम्ही हसलो आणि इनामदार हे नाव यादीतून काढलं. यादी मात्र ठेवली. तेव्हाच ती फेकून द्यायला हवी होती.

आकडेही सांगत होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे राज्यातल्या दर १० मुसलमानांपैकी किमान ४ जणांनी मातृभाषा म्हणून उर्दू सांगितलेली नाही. ज्यांनी सांगितली, त्यांतही बोलता येणारे किती आणि नस्तालिक वाचता येणारे किती, हा वेगळा हिशेब. आमच्या मिरजेत घरात दखनी बोलतात, भांडण मराठीत करतात आणि दुवा अरबीत मागतात. माझ्या आजोबांना कुराण वाचता यायचं, पण उर्दू वर्तमानपत्र त्यांनी कधी हातात धरलं नाही. ते मराठी पेपर वाचायचे, तोही बाजारभावाच्या पानापासून.

ही गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. हमीद दलवाईंनी कथा-कादंबरी मराठीत लिहिली आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात स्थापन केलं. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ही नावं आपण भाषणांत घेतो. बाहेरच्यांनी ‘तुम्ही घरी उर्दूच बोलत असाल ना?’ असं विचारलं की चिडतो. आणि स्वतः वेबसाइट करायला बसलो की आडनावांची यादी करतो!

माझं मत याबाबत कडक आहे. नाव, धर्म, मोहल्ला, पिनकोड यांवरून भाषेचा अंदाज बांधायचा नाही, चांगल्या हेतूनंही नाही. माणसाला विचारा. पहिल्या पानावर, काहीही भरायच्या आधी, मोठ्या अक्षरांत भाषांची नावं त्या त्या लिपीत ठेवा. मराठी देवनागरीत, उर्दू उर्दूच्या अक्षरांत, कन्नड कन्नडच्या. झेंडे नकोत, चंद्रकोरी नकोत. एकदा निवडली की लक्षात ठेवा, आणि बदलायचं बटण प्रत्येक पानावर उघडं ठेवा. मोहल्ल्याच्या नावावरून आज जो भाषा ठरवतो, त्यानं उद्या त्याच यादीवरून दुसरं काही ठरवलं तर आपण कोणत्या तोंडानं बोलणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मित्रांकडूनच आला. मग उर्दू कशाला हवं? सगळ्यांना मराठी येतं, मराठी ठेवा, काम कमी. हे मला मान्य नाही. त्याच महिन्यात मिरजेतली एक मुलगी फॉर्म भरायला आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. मराठी तिला येत होती, शाळेत विषय होता. पण ‘वारसा’, ‘तारण’, ‘हमीपत्र’ या शब्दांवर ती थांबली आणि तिनं स्वतःहून उर्दू निवडलं. तिनं निवडलं, हे महत्त्वाचं. खालांवर आम्ही तेच लादलं होतं. दोघींना एकाच चष्म्यातून पाहणारा कोड दोघींनाही उपयोगाचा नाही.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा वाद आठवा. मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं म्हणून एका माजी नगरसेविका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी अपील फेटाळलं. स्थानिक संस्थांच्या कामकाजाची भाषा मराठी असावी असा २०२२ चा कायदा आहे, पण मराठीसोबत दुसरी भाषा लिहायला त्यात बंदी नाही, असं न्यायालयानं सांगितलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडं हा निकाल उर्दूचा विजय म्हणून फिरला. मला त्यातलं दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं वाटतं. भाषा म्हणजे धर्म नसेल, तर मुसलमान म्हणजे उर्दू हेही खरं नाही.

राज्यघटनेचं कलम ३५० तर याहून थेट आहे. गाऱ्हाणं मांडायचं असेल तर संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडं अर्ज करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कागदावर अर्ज असताना हा हक्क वापरता यायचा, कारण कागद कोणतीही लिपी घेतो. वेबसाइटचा खाना घेत नाही. ‘नाव फक्त ए ते झेड अक्षरांत लिहा’ असा लाल इशारा दाखवणारे फॉर्म मी स्वतः नोकरीत लिहिले आहेत. एकाच माणसाचं शेख हे आडनाव रेशनकार्डावर एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या स्पेलिंगनं पडतं, त्याची सुरुवात अशाच खान्यांत होते. पुढं ते जुळवण्यासाठी प्रतिज्ञापत्रं कोण करत बसतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न फाईल कधी पोहोचते याचा. बऱ्याच वेबसाइटवर आधी सांगाडा येतो आणि मग शब्दांची फाईल. पुण्यातल्या ऑफिसात हे अंतर डोळ्याला दिसतही नाही. पुरात वीज गेलेली, मोबाइल टॉवर बंद किंवा गर्दीनं कोंदलेले. सांगाडा फोनमध्ये आधीचा साठवलेला होता म्हणून लगेच उघडायचा, शब्दांची फाईल वाटेत अडकायची. कर्नाळ रोडच्या एका माणसानं मला पडद्याचा फोटो पाठवला. त्यावर मराठी नाही, इंग्रजी नाही, नुसत्या किल्ल्या. ‘फॉर्म डॉट नेम डॉट लेबल’. त्याला वाटलं, फोनमध्ये पाणी गेलं.

उपाय अवघड नाही. मराठीचे शब्द वेगळ्या फाईलमध्ये पाठवूच नका, पानाबरोबरच पाठवा. देवनागरीचं एक अक्षर साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, म्हणून ‘पान जड होईल’ असं सांगतात. आमच्या संपूर्ण फॉर्मचे मराठी शब्द दाबून पाठवले तर एका व्हॉट्सॲप फोटोहूनही कमी भरतात. वर जो मोठा फोटो आम्ही हौसेनं लावला होता तो काढला आणि सगळं हलकं झालं. उर्दू आणि कन्नड निवडल्यावर येतात, आणि एकदा आले की फोनमध्ये साठून राहतात, नंतर नेट नसलं तरी चालतं. उर्दूचा नस्तालिक फाँट मात्र खरोखर जड असतो. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक संगणकावर आणताना सुमारे २० हजार जोडाकृती कराव्या लागल्या होत्या, तोवर उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत. म्हणून आधी फोनमध्ये असलेल्या अक्षरांत मजकूर दाखवतो, फाँट मागून आला तर आला. दिसायला सुंदर नाही, पण वाचता येतं.

अनुवादाची फाईल म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, हेही याच कामात कळलं. मूळ इंग्रजी ओळ होती, मी या पत्त्यावर राहतो या अर्थाची. इंग्रजीत त्यात बाई-पुरुष काही नाही. मराठीत एक निवडावंच लागतं, आणि मी न विचार करता ‘राहतो’ लिहिलं. उर्दूतही तसंच. फॉर्म भरणाऱ्यांत बायका जास्त होत्या, कारण घरातले पुरुष घर उपसत होते. त्या सगळ्यांनी ‘मी राहतो’ याखाली सही केली. एका विधवा ताईंनी विचारलं, “भाऊ, हे माझ्या मालकांच्या नावानं आहे का? ते तर वारले.” आता तिथं ‘राहणार:’ एवढंच आहे, जुन्या दस्तऐवजांत असतं तसं. जुने कारकून आमच्याहून शहाणे होते.

आकड्यांचीही गंमत झाली. ब्राउझरला मराठीत आकडा दाखव म्हटलं की तो आपोआप देवनागरीत ‘५,०००’ दाखवतो. ते पाहून एका काकांनी नुकसानीच्या खान्यात देवनागरीतच रक्कम भरली, आणि आमच्या कोडला ‘५०००’ हा आकडाच वाटेना. दाखवायचं एक आणि घ्यायचं दुसरंच. आता दोन्ही घेतो.

पण सर्वांत महत्त्वाचा बदल त्या शेवटच्या ओळीचा. ‘नसेल तर ते’ हा नियम ‘पुढे जा’ या बटणाला ठीक आहे. हमीपत्राला नाही. ज्या ओळीखाली माणूस सही करतो, ती त्यानं निवडलेल्या भाषेत नसेल तर फॉर्म पुढं जाताच कामा नये. दुसऱ्या भाषेतली ओळ गुपचूप तिथं बसवणं म्हणजे न वाचलेल्या कागदावर अंगठा घेणं, आणि ते आपण सावकारांच्या गोष्टींत ऐकलेलं आहे. आमच्या कोडमध्ये आता अशा ओळी वेगळ्या काढल्या आहेत. त्यांतली एक जरी फाईलमध्ये नसली तर ती भाषा निवडीच्या यादीत दिसतच नाही.

आपल्याच संस्थांकडं पाहून हे लिहितो आहे. शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट, शादीखाने, मय्यतीची मदत करणाऱ्या कमिट्या, सगळ्यांच्या वेबसाइट आल्या आहेत. वर नक्षीदार उर्दूत नाव, खाली सगळा फॉर्म इंग्रजीत, आणि मराठी कुठंच नाही, असं मी वारंवार पाहतो. सरकारी वेबसाइटवर मराठी नाही म्हणून आपण निवेदनं देतो. ती द्यायलाच हवीत. पण मिरजेच्या मुलीला आपल्याच शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यावे लागत असतील, तर ते निवेदन कुणाला द्यायचं?

आमची मराठी फाईल पूर्ण आहे. उर्दूची एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ओळ न् ओळ तपासली, आणि माझ्या चोवीस चुका काढल्या. कन्नडची अर्धी आहे, हमीपत्राच्या आठ ओळी बाकी आहेत, म्हणून ती अजून कुणाला दिसत नाही. जत किंवा मिरजेतलं कन्नड शाळेत शिकलेलं कुणी हे वाचत असेल तर कळवा. संध्याकाळभराचं काम आहे.